दोन वर्षं की सात? स्पॅनिशच्या पुढच्या शिक्षणाचा हिशेब

मार्च उजाडला की मला फोन यायला लागतात. काही न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून येतात. मुलीने कॉलेजात स्पॅनिश घेऊन पदवी मिळवलेली असते, आता तिला त्यातच एमए आणि जमलं तर पीएचडी करायची असते. आई विचारते, "अगं, पण त्याचं पुढे काय?" काही पुण्याहून येतात. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सर्टिफिकेट, डिप्लोमा करून कुणी डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची बी-२ परीक्षा दिलेली असते आणि अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाचं पत्र हातात असतं. निर्णय १५ एप्रिलपर्यंत कळवायचा असतो, कारण विद्यावेतनासह प्रवेश देणारी अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं हीच तारीख पाळतात. म्हणजे आयुष्यातली दोन ते सात वर्षं कुठे घालवायची, हे ठरवायला जेमतेम महिना उरलेला असतो.

मी स्वतः अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात स्पॅनिशमध्ये एमए केलं. तिथेच पीएचडीची जागा मिळत होती, ती घेतली नाही. आज मी एका पब्लिक हायस्कुलात शिकवते. त्यामुळे मी जे सांगते त्यात माझ्या निवडीची बाजू असणार, हे वाचणाऱ्याने धरून चालावं.

आधी एक घोळ सोडवायला हवा. 'स्पॅनिशमध्ये पुढचं शिक्षण' या एका नावाखाली निदान चार वेगळी शिक्षणं असतात. पहिलं साहित्य आणि संस्कृतीचं: 'सेलेस्तिना'पासून 'पेद्रो पारामो'पर्यंत वाचायचं, त्यावर लिहायचं. दुसरं भाषाविज्ञानाचं: मेक्सिकोतून आलेल्या आजीचं स्पॅनिश शिकागोत वाढलेल्या नातीपर्यंत पोचताना कसं बदलतं, यासारखे प्रश्न. तिसरं भाषा शिकवण्याचं, चौथं अनुवाद आणि दुभाषेगिरीचं. ही चारही शिक्षणं बहुधा एकाच इमारतीत, एकाच पाटीखाली चालतात, पण चौघांचे रस्ते वेगळ्या ठिकाणी पोचतात. फोनवर मी आधी विचारते, "यातलं कुठलं?" निम्म्या वेळा उत्तर येतं, "मला भाषा आवडते." भाषा आवडणं ही अट आहेच, पण तेवढ्यावर काही ठरत नाही.

हे विभाग असे का आहेत, ते थोडं मागे जाऊन पाहिलं की आजची अडचण नीट कळते. हार्वर्डमध्ये जॉर्ज टिकनर यांनी १८१९ मध्ये फ्रेंच आणि स्पॅनिशचं अध्यासन स्वीकारलं आणि १८४९ मध्ये स्पॅनिश साहित्याचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला. तेव्हापासून प्राध्यापकांच्या मनातलं स्पॅनिश साहित्याचं आहे. विद्यार्थी मात्र वर्गात आले ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणासाठी. पहिल्या महायुद्धात जर्मन भाषा शाळांतून हद्दपार झाली, तिची जागा स्पॅनिशने घेतली, आणि त्याच लाटेत १९१७ मध्ये स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. लॅटिन अमेरिकेशी व्यापार करायचा, ही त्या वेळची हाक होती. आज कारण आणखी जवळचं आहे. अमेरिकेत ४ कोटींहून जास्त लोक घरी स्पॅनिश बोलतात.

म्हणजे प्राध्यापकांना संशोधनासाठी साहित्य हवं आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना रोजच्या वापरासाठी भाषा. या दोन टोकांना जोडणारा पूल म्हणजे एमए-पीएचडीचा विद्यार्थी. तो दिवसा पहिल्या वर्षाच्या तुकडीला शिकवतो, त्याबदल्यात त्याची फी माफ होते आणि विद्यावेतन मिळतं. संध्याकाळी तो साहित्याच्या सेमिनारला बसतो. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने २००७ मध्ये आपल्या अहवालात याच दुमजली रचनेवर बोट ठेवलं होतं: खाली भाषा, वर साहित्य, आणि मधला जिना अरुंद.

या रचनेचा आर्थिक अर्थ प्रवेश घेणाऱ्याला कुणी सांगत नाही, म्हणून तो इथे स्पष्ट सांगते. तुमची जागा तुमच्या गुणवत्तेइतकीच पहिल्या वर्षाच्या स्पॅनिशला किती मुलं बसतात यावर अवलंबून असते. त्याच असोसिएशनच्या मोजणीनुसार अमेरिकेतल्या कॉलेजांत स्पॅनिश घेणारे विद्यार्थी २००९ मध्ये ८ लाख ६० हजारांच्या आसपास होते. २०१६ मध्ये ते ७ लाख १२ हजारांवर आले आणि २०२१ मध्ये ५ लाख ८४ हजारांवर. स्पॅनिश अजूनही सर्वांत जास्त शिकली जाणारी परकी भाषा आहे. पण बारा वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश मुलं कमी होतात तेव्हा तुकड्या कमी होतात, तुकड्या कमी झाल्या की शिकवणारे कमी लागतात, आणि मग पीएचडीच्या जागाही घटतात. यात कुणाचा दुष्टपणा नाही, पण भुर्दंड पंचविशीतल्या मुलाला पडतो.

म्हणून विभागाशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारायला मी सांगते: या वर्षी पहिल्या वर्षाच्या स्पॅनिशच्या किती तुकड्या आहेत आणि पाच वर्षांपूर्वी किती होत्या? प्राध्यापक किती नामवंत, हा प्रश्न त्यानंतर.

आता त्या पुलावर उभं राहणं कसं असतं, ते. माझा वर्ग सकाळी आठचा होता, मिडवेस्टातल्या जानेवारीत. वीस मुलं, अर्धी झोपेत. त्या आठवड्यात धडा होता 'से मे कायो एल बासो' या रचनेचा. म्हणजे पेला पडला खरा, माझ्या हातून पडला, पण मी तो पाडला नाही. इंग्रजीत वाढलेल्या मुलांना हे पटता पटत नव्हतं. पाडणारा कोण, हे वाक्यात ठाशीवपणे का सांगायचं नाही? मी फळ्यासमोर उभी होते आणि मला एकाएकी जाणवलं, अरे, हे तर आपल्याकडे आहेच. 'माझ्या हातून पेला पडला.' आई ओट्यापाशी रोज म्हणायची ते वाक्य. 'मे गुस्ता' शिकताना इतरांची तारांबळ उडते, कारण त्यात आवडणारी वस्तू कर्ता असते. आपण जन्मापासून 'मला आंबा आवडतो' म्हणतो. 'किएरो के वेंगास' मधलं क्रियापदाचं वेगळं रूप पाठ करता करता मुलं थकतात. 'तू यावंस असं मला वाटतं' मधला 'यावंस' आपल्या कानाला ओळखीचा. 'तू' आणि 'उस्तेद' यांतला फरक तर सांगायलाही लागत नाही. त्या दिवशी मी फळ्यावर मराठी वाक्य देवनागरीत लिहिलं आणि खाली शब्दाला शब्द लावून दाखवला. मागच्या बाकावरचा एक मुलगा जागा झाला. त्याच्या घरी स्पॅनिश बोलायचे. तो म्हणाला, "आमची आजी इंग्रजीतही असंच म्हणते, मला वाटलं ते चुकीचं इंग्रजी आहे."

अशा मुलांना इथे वारशाने भाषा मिळालेले विद्यार्थी म्हणतात आणि त्यांना शिकवणं ही आता स्वतंत्र विद्याशाखा झाली आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत रविवारी येणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. सगळं समजतं, स्वयंपाकघरातलं बोलता येतं, लिहायला बसलं की हात अडतो. माझ्या मते स्पॅनिशच्या भाषाविज्ञानातला आणि अध्यापनातला सर्वांत जिवंत भाग आज हाच आहे, आणि मराठी घरातून आलेल्या विद्यार्थ्याला तो आतून कळतो.

दोन वर्षांचं, फी माफ असलेलं, शिकवण्याच्या कामासह मिळालेलं एमए मी जवळजवळ कुणालाही घ्यायला सांगते. त्यात माणूस शिकवायला शिकतो, भाषा खोल रुजते, तिशीच्या आत बाहेर पडता येतं. स्वतःच्या खिशातून फी भरून, कर्ज काढून मिळणारं एमए मात्र मी कुणालाच घ्यायला सांगत नाही. जो विभाग तुम्हाला हवाहवासा म्हणतो आणि फी मात्र पूर्ण मागतो, त्याला तुमची फीच हवी आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी मिडलबरीसारख्या ठिकाणी उन्हाळ्यांत तुकड्यातुकड्यांनी एमए करता येतं. तिथली स्पॅनिश शाळा १९१७ पासून चालते आणि तिथे राहतानाच्या काळात दुसऱ्या कुठल्याही भाषेत न बोलण्याची शपथ घ्यावी लागते. शाळेत आधीच शिकवणाऱ्याला हा रस्ता चांगला. खर्च आहेच, पण नोकरी सुटत नाही.

पीएचडीचं गणित निराळं. पाच वर्षांचं विद्यावेतन कबूल केलेलं असतं, आणि पदवीला बहुधा सहा-सात वर्षं लागतात. पहिली दोन-तीन सेमिनारांत जातात, मग वाचनयादीवर व्यापक परीक्षा, बहुतेक ठिकाणी पोर्तुगीजसारखी आणखी एक भाषा, आणि मग प्रबंध. वाचनयादी पाहून मला आजही हेवा वाटतो: सीदचं काव्य, 'किखोते'चे १६०५ आणि १६१५ चे दोन्ही भाग, आई इंका राजकुळातली आणि वडील स्पॅनिश असलेल्या गार्सिलासोचा १६०९ चा पेरूचा इतिहास, मेक्सिकोच्या मठात बसून विश्वाच्या रचनेवर कविता लिहिणारी सोर हुआना. एवढं वाचायला पगार मिळतो, ही लहान गोष्ट नाही. पण त्याच्या शेवटी प्राध्यापकाची कायम नोकरी आहे असं समजून कुणी शिरू नये. २०२३ च्या सप्टेंबरात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २८ पदवी विषय आणि १४३ प्राध्यापकपदं रद्द केली. परकीय भाषांचा अख्खा विभाग त्यात गेला; स्पॅनिश उरलं ते थोड्या वर्गांपुरतं. बॉस्टन विद्यापीठाने २०२५-२६ या वर्षासाठी मानव्यविद्यांच्या बऱ्याच शाखांत पीएचडीचे प्रवेश थांबवले, त्यात स्पॅनिश ज्यात येतं तो रोमान्स भाषांचा विभागही होता. २०२५ मध्ये शिकागो विद्यापीठाने कला-मानव्य शाखेतल्या अनेक विभागांचे प्रवेश रोखले. गडगंज निधी असलेली विद्यापीठं असं करतात तेव्हा लहान कॉलेजांची गोष्टच सोडा.

माझ्या वर्गमित्रांपैकी ज्यांनी पीएचडी पुरी केली, त्यातले बरेचजण आज वर्षावर्षाच्या करारावर शिकवतात. पदवीपर्यंत त्यांना पोसणाऱ्या विभागाने त्यांना हे आधी सांगितलं नाही, हा माझा राग आहे आणि तो जात नाही. म्हणून मी मुलांना एकच कसोटी देते. समजा, प्रबंध झाला आणि प्राध्यापकाची नोकरी मिळाली नाही, तरी ही सहा वर्षं वाया गेली असं वाटणार नाही, असं मनापासून म्हणता येतं का? येत असेल तर जा. दोन वर्षांनी एमए घेऊन बाहेर पडायची वाट उघडी आहे का, हेही विचारून ठेवा.

अनुवाद आणि दुभाषेगिरीचा रस्ता लोकांना दुय्यम वाटतो. मला तसं वाटत नाही, आणि त्यामागे एक प्रसंग आहे. १९८० मध्ये फ्लोरिडातल्या एका रुग्णालयात अठरा वर्षांचा एक मुलगा बेशुद्धावस्थेत आणला गेला. घरचे क्यूबातून आलेले. ते म्हणाले, तो 'इंतोक्सिकादो' आहे. क्यूबातल्या बोलण्यात याचा अर्थ, काहीतरी बाधलंय, खाण्यापिण्यातून असेल. डॉक्टरांच्या कानावर इंग्रजी अर्थ पडला: नशा. अमली पदार्थांचा अतिरेक धरून उपचार सुरू झाले. खरं तर मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले आणि प्रकरण सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरच्या तडजोडीवर संपलं. मराठी माणसाला हे पटवून द्यायला नको. हिंदी भाषक 'शिक्षा' म्हणतो तेव्हा त्याला शिक्षण म्हणायचं असतं, आणि आपण घाबरतो. शब्द ओळखीचा वाटतो तिथेच पाय घसरतो, आणि हे कोशात पाहून कळत नाही, माणसांत राहून कळतं.

या प्रसंगामागे कायद्याची बाजू आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाची सोय पाहावी लागते. १९७८ पासून केंद्रीय न्यायालयांसाठी दुभाष्यांचा वेगळा कायदा आहे, आणि तिथली प्रमाणपत्र परीक्षा सध्या फक्त स्पॅनिशसाठी घेतली जाते. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणारा अध्यक्षीय आदेश निघाला आणि २००० सालचा भाषासोयीचा आदेश रद्द झाला. १९६४ चा कायदा मात्र जागेवर आहे. यंत्रानुवाद स्पॅनिशमध्ये चांगलाच सुधारला आहे, माहितीपत्रकांची कामं त्याने घेतली आहेत आणि आणखी घेईल. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात किंवा ऑपरेशनच्या आदल्या रात्री खाटेपाशी उभं राहणारं माणूस मात्र लागणार. तरीही या शिक्षणाची घरं डळमळत आहेत. कॅलिफोर्नियातल्या मॉंटेरे इथली नावाजलेली संस्था आपले पदव्युत्तर अभ्यासक्रम २०२७ पर्यंत गुंडाळणार असल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. या धंद्यात पदवीपेक्षा प्रमाणपत्र परीक्षा आणि सराव जास्त मोलाचे, म्हणून यासाठी महागडं एमए घ्यायची घाई करू नये, असं मी म्हणते. शाळेत शिकवण्याचंही थोडं असंच: राज्याचा शिक्षक परवाना आणि बोलण्याच्या परीक्षेतली ठरावीक पातळी या दोन गोष्टी नोकरी देतात, एमए पगाराची पायरी चढवतं.

भारतातून येणाऱ्याला आणखी एक भिंत आहे, ती व्हिसाची. शिक्षण संपल्यावर कामासाठी मिळणारी मुदत स्पॅनिशच्या पदवीधराला १२ महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना त्यावर मिळणारे २४ महिने आपल्याला मिळत नाहीत. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जाला १ लाख डॉलर लावले. एखादी शाळा स्पॅनिशच्या शिक्षकासाठी ते भरेल, ही आशा करू नये. न्यू जर्सीतल्या, अमेरिकेची नागरिक असलेल्या मुलीला आणि पुण्यातल्या मुलाला मी एकाच दिवशी वेगळी उत्तरं देते, त्याचं कारण हे आहे. तिच्या आवडीला इथे दहा दारं आहेत. त्याच्या आवडीला कदाचित दुसरा देश बरा.

दुसरे देश म्हणजे जिथे ही भाषा राहते ते. स्पेनमध्ये साठ क्रेडिटचं सरकारमान्य मास्टर्स एका वर्षात होतं, परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवण्याचंही. सरकारी विद्यापीठांतली फी अमेरिकेच्या मानाने खूप कमी. पण मला ओढ वाटते ती मेक्सिको सिटीची. तिथलं कोलेहिओ दे मेहिको स्पेनच्या यादवीतून परागंदा झालेल्या विद्वानांसाठी १९३८ मध्ये उघडलेल्या घरातून वाढलं आणि १९४० मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. भाषा आणि साहित्याचं संशोधन तिथे स्पॅनिशमध्येच चालतं, विद्यार्थी मेक्सिकोच्या सरकारी शिष्यवृत्तीवर शिकतात. प्रवेश अवघड आहे. तिथे एकही सेमिनार इंग्रजीच्या आधाराने पार पडत नाही, आणि भाषेसाठी एवढा वेळ द्यायचाच तर तो असा द्यावा.

आणि भारतात? दिल्लीचं जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, हैदराबादचं इंग्लिश अँड फॉरिन लँग्वेजेस विद्यापीठ इथे फी इतकी कमी आहे की चूक झाली तरी माणूस कर्जात बुडत नाही. युजीसी नेटमध्ये स्पॅनिश हा विषय आहे, जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत स्पॅनिश येणाऱ्यांना काम मिळतं, पण तिथे सी-१ चं प्रमाणपत्र आणि फोनवरचा सफाईदारपणा पाहतात, 'किखोते' कुणी विचारत नाही. तेवढंच हवं असेल तर एमएची दोन वर्षं कशाला. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्यांना स्पॅनिश झपाट्याने येतं, तेही एक दार. बाकी आपल्या बोलण्यात पोर्तुगीजांकडून आलेले चावी, पगार, बटाटा हे शब्द स्पॅनिशमधल्या शब्दांचे भाऊबंदच आहेत. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला त्याचा केवढा धीर येतो, हे मी पाहिलं आहे.

एक काम मात्र जवळजवळ कुणी करत नाही, आणि माझं मन तिथे अडकतं. मराठीत जे लॅटिन अमेरिकन साहित्य येतं, ते बहुतांशी इंग्रजीच्या पाठीवर बसून येतं. 'माझ्या हातून पेला पडला' हे वाक्य स्पॅनिशमध्ये तयार असतं, इंग्रजीत जाताना 'मी पाडला' होतं, आणि मराठीत येताना तसंच राहतं. मधल्या पुलावर एक अख्खी मनोवृत्ती गळून जाते. दोन्ही टोकं ज्याला येतात असा माणूस ती वाचवू शकतो. याला पगार नाही. पण पीएचडी करू पाहणाऱ्या पुण्यातल्या मुलाने मला "मी का करू?" असं विचारलं, तेव्हा मी त्याला हे सांगितलं, आणि तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्याला मी शेवटी एकच काम दिलं. डिसेंबरच्या अर्जांसाठी वीसेक पानांचा स्पॅनिशमधला निबंध लागतोच. तो आत्ता, कुणी मागितलेला नसताना, या उन्हाळ्यात लिही. विषय तुझा, पुस्तक तुझं. माझा निबंध मी रुल्फोच्या 'पेद्रो पारामो'वर लिहिला होता, मेलेल्या माणसांच्या कुजबुजीने भरलेल्या त्या गावावर, आणि सातव्या पानावर अडकले होते ती तीन आठवडे. काल त्याचा निरोप आला. तो अकराव्या पानावर आहे.